नंबर थोरलीच्या फोनवर

"नंबर आला का?" विम्याच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"नाही बाई, अजून तरी नाही," थोरली जाऊ म्हणाली. फोन पर्समध्ये थरथरून नुकताच गप्प झाला होता. तिनं पर्स काखेत घट्ट दाबली.

घरचं सरकारी विम्याचं कार्ड थोरलीच्या नावावर. घरातल्या कुणाचंही काही करायचं झालं, की आधी तिच्या फोनवर नंबर येणार, तो तिनं खिडकीत सांगायचा, मगच गाडं पुढं. म्हणून तर धाकटी तिला सोबत घेऊन आली होती. धाकटीला पोटातलं नको होतं. पहिलं अजून रांगत होतं, आणि नर्सिंगला प्रवेश कालपरवाच मिळाला होता. विमा आता याचाही खर्च देत होता. तपासणी, गोळ्या, वर जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा!

थोरलीचा सकाळपासून जळफळाट चालला होता. नर्सनं धाकटीला खुर्ची दिली, पाणी दिलं. वर हळूच विचारलं, "तुमच्याच मनानं ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?" काय ते कौतुक! अकरा वर्षांपूर्वी थोरली याच खिडकीपुढं उभी होती, तेव्हा बरं कुणी खुर्ची दिली नव्हती. 'बाळंतपण बसतं विम्यात, हे नाही बसत,' एवढं ऐकवलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. खासगीत जायला हातात दमडी नव्हती. शिलाईच्या दुकानात ती कापड बेतायची. म्हातारे मास्तर आपली जागा तिला देणार होते, ती गेली दुसऱ्याला. आणि ही बया! हिला सगळं आयतं. शिक्षणही होणार, संसारही होणार.

"पुन्हा पाठवते, पण ही शेवटची खेप हं," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "नाही जमलं तर आजचं बंद. डॉक्टरीणबाई आता पुढच्या आठवड्यात येतील, आणि तोवर गोळ्यांची मुदत टळलेली असेल."

पर्स पुन्हा थरथरली. थोरली पंख्याकडे बघत राहिली. टळू दे की मुदत. कळू दे हिलाही.

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "राहू दे ताई," ती म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार? माझंच नशीब." ती उठली, खुर्ची भिंतीला लावून ठेवली आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली.

थोरलीनं जिन्याकडं पाहिलं. त्या दिवशी तीही अशीच उतरली होती, हाच कठडा धरून.

"अगं ए, थांब की! कुठं निघालीस तरातरा?" तिनं पर्स उघडली, फोन काढला आणि एका दमात नंबर वाचून दाखवला. "या मेल्याला इथं रेंजच नाही!"

"जुळला," बाई म्हणाल्या.

धाकटी धावत वर आली आणि तिनं थोरलीचा हात धरला. थोरलीनं तो सोडवून घेतला. "पुरे आता. जा आत, तिकडं खोळंबल्यात."

दार लागलं. थोरली मात्र खिडकीपुढून हलेना.

"अजून काही?" बाईंनी विचारलं.

"मागचं मिळतं का हो?"

"मिळतं की. बिल जोडायचं. कधीचं आहे?"

"अकरा वर्षं झाली."

बाईंना हसू आलं. "एवढं मागचं? बिल तरी ठेवलंय का?"

"बिल नाही," थोरली म्हणाली. "मुलगा आहे. पाचवीत. फार जीव आहे त्याचा माझ्यावर."