मनगटावरचा टॅग

पंजाबराव भ्रमिष्टासारखे घराबाहेर निघून जायचे, म्हणून लेकानं त्यांच्या मनगटाला टॅग बांधला आणि दाराला यंत्र बसवलं. टॅग दाराजवळ आला की कुलूप लागायचं आणि अलार्म वाजायचा. बाकी कुणाला दार अडवायचं नाही. ते गेले तेव्हा टॅग काढायचा राहिला आणि त्यांच्यासोबतच चितेवर जळाला.

तेरवी उरकून त्यांची बायको गोकर्णाबाई कायमची लेकीकडे वडनेरला निघाली. चाळीस वर्षं नवऱ्यानं तिला आपल्या मनानं उंबरा ओलांडू दिला नव्हता. आता अडवणारा कोण होता?

ती दाराशी गेली. कुलूप लागलं, अलार्म वाजला.

"मशीन बिघडली वाटते, आत्याबाई," सून म्हणाली.

गोकर्णाबाई मागं सरली तसा अलार्म थांबला. सून पिशवी घेऊन अंगणात गेली. दार गप्प.

"तुले बरी जाऊ देते," म्हणत गोकर्णाबाई पुढं झाली. पुन्हा कुलूप.

तिनं आपली मनगटं पाहिली. बांगड्या फोडल्यापासून ती रिकामीच होती.

मग मागं न पाहताच ती बोलली, "मेल्यावरबी वाट अडवता काय? जा, बसा तिकडं खाटेवर."

अलार्म थांबला. कुलूप उघडलं.

चाळीस वर्षांत त्यांनी तिचं पहिल्यांदाच ऐकलं होतं.