चौथ्या मजल्यावरच्या गोगलगाई

केदार आफ्रिकन गोगलगाईंचा फैलाव रोखायचं काम करतो आणि सोसायट्या-सोसायट्यांतून लोकांना त्या ओळखायला शिकवतो, हे ऐकून दोन स्थळांनी आधीच नकार कळवला होता. त्यामुळे बाळकुमहून डोंबिवलीला वल्लरीच्या घरी जाताना त्याने फारशी आशा धरली नव्हती. झालंही तसंच. "एम.एस्सी. होऊन गोगलगाई वेचता?" पोह्यांची बशी पुढे करत वल्लरीच्या बाबांनी विचारलं.

तेवढ्यात बाल्कनीतून तिच्या आईची किंकाळी आली. मुठीएवढ्या पाच गोगलगाई कुंडीतल्या पालकाचा फडशा पाडत होत्या.

केदार चहा तसाच सोडून धावला. त्याने पाचही पकडून डब्यात बंद केल्या, अंडी असतील म्हणून एकेका कुंडीची माती उकरून पाहिली. "चौथ्या मजल्यावर या चढल्या कशा, तेच कळत नाहीये," तो पुटपुटला. तोवर शेजारीपाजारी जमले होते. बाबा तर स्वतः फोटो काढून त्याच्या मोहिमेच्या नंबरवर पाठवायला लागले.

"केदारराव, रविवारी आमच्या सोसायटीत तुमचा कार्यक्रम ठेवू," निघताना ते म्हणाले. "आईवडिलांनाही घेऊन या. पुढचं बोलू."

केदार रिक्षात बसतो न बसतो तोच वल्लरीचा मेसेज आला.



"खालच्या बागेतून मीच वेचून आणल्या होत्या. हातमोजे घालून, तुम्ही व्हिडिओत सांगता अगदी तश्शा!"