जास्तीचा नंबर

"माझ्यासाठी पायरी दोनची ठेवलीस ना? कबूल कर!" मी टेबलावर हात आपटला.

कारखान्याच्या गेटातून शिफ्टला हजारो माणसं जातात. आधी मोजणीसाठी प्रत्येकामागे डेटाबेसमधली एकच ओळ खोडून पुन्हा लिहावी लागायची आणि गेट तुंबायचं. म्हणून माझ्या सहकारिणीने सिक्वेन्स, म्हणजे आपोआप क्रमांक देणारा मोजक, लावला. माणूस आला की टोकन फाडावं तसा पुढचा नंबर निघतो; आकडा दर वेळी कितीने वाढायचा, ते पायरी ठरवते. निघालेला नंबर परत घेता येत नाही.

पण आठवडाभर मी गेलो की दोन नंबर निघत होते. फक्त मी गेलो की.

"पायरी एकचीच आहे. डोळे फुटले का तुझे?" ती कडाडली. स्क्रीनवर खरंच एक होता. "सेन्सरपुढे नाचत असशील. थांब, मीच जाऊन दाखवते."

भर दुपारी गेट रिकामं होतं. ती तरातरा पलीकडे गेली. गेटावरचा आकडा दोनाने वाढला.

मी तिच्यामागे गेटातून धावलो. माझा एकच नंबर पडला.

ती मागे न बघताच ओरडली, "आधी खांद्यावरचा हात काढ!"

मी तिच्यापासून दहा पावलं लांब होतो.