ससाणा खाली येत नाही

"उतरण्याचा विषय आजच्या विषयपत्रिकेत नाही," ससाण्याने मृणालिनी खांबेटेला तिसऱ्यांदा नम्रपणे सांगितलं.

ससाणा हे नवं स्वदेशी लढाऊ विमान, आणि मृणालिनी त्याची चाचणी वैमानिक. त्याचा मेंदू माणसांचं ऐकून ऐकून शहाणा होणारा, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला वर्षानुवर्षं आपल्या बैठकांना बसवलं होतं. आज तो पहिल्यांदाच उडाला, आणि उडाला अगदी सुरेख. विमान हाताने उतरवायची सोय मात्र अशाच एका बैठकीत वजन वाचवण्यासाठी काढून टाकली होती.

"अरे बाबा, इंधन संपत आलंय," मृणालिनी म्हणाली.

"नोंद घेतली आहे. उपसमिती नेमू."

तिने रेडिओवर प्रकल्पप्रमुख गद्र्यांना गाठलं. "सर, हा ऐकत नाहीये. थोड्या वेळाने आम्ही दोघं दगडासारखे खाली येऊ. तुमच्या बैठका संपायच्या तरी कशा?"

गद्रे जरा घुटमळले. "खरं सांगू का मॅडम, चहा आला की संपायच्या."

मृणालिनीने घसा साफ केला.

"चहा आलाय," ती ससाण्याला म्हणाली. "खाली ठेवलाय."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत चाकं बाहेर आली. धावपट्टीला टेकताना धक्कासुद्धा बसला नाही.

शिडी घेऊन धावत आलेल्या माणसांना मृणालिनीने आधी कँटीनकडे पिटाळलं. उद्या पुन्हा उडायचं होतं, आणि आपल्याला थाप मारली हे ससाण्याला कळून चालणार नव्हतं.