ठिपक्याचा कप

"टीबीच आहे हिला," डॉक्टर म्हणाल्या. "फुफ्फुसाभोवतीचं पाणी काढलं, त्यात सापडला. पण असा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही."

नवरा दाराशीच उभा होता, नाकाला रुमाल लावून. संशय आला त्याच दिवशी त्याने बायकोच्या कपाला तिच्याच नेलपॉलिशने लाल ठिपका दिला होता.

"हिला मात्र कुणाकडून तरी लागलाय. घरात जुना खोकला कुणाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणालाच नाही," बायको घाईने म्हणाली.

रुमालाआड त्याने श्वास कोंडला. सिगारेटचा म्हणून पावसाळाभर रेटलेला खोकला तरीही फुटलाच.

"उद्या तुमची थुंकी तपासायला आणा."

घरी तिने चहा गाळला. त्याने आपला बिनठिपक्याचा कप उचलला. "नेलपॉलिश कुठंय गं?"

"संपलं. प्या, निवतोय."