मिक्सर चालू असेपर्यंत

बातम्या ऐकून दिगंबर टिपणीस सोफ्यावरूनच म्हणाले, "फ्रीजने घरात ऐकलेलं विमा कंपन्यांना विकायची परवानगी कायम राहिली म्हणे. विकू देत! आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? फ्रीज अर्ध्या किमतीत मिळाला, ते बघ."

ओट्याशी उभ्या उर्मिलाबाईंनी भाजलेले शेंगदाणे मिक्सरच्या भांड्यात ओतले. शेजारच्या देवस्थळींकडे सकाळपासून मिक्सर घरघरत होता. सासू-सुनेचं वाजलं असणार. मिक्सरच्या आवाजात फ्रीजला बोलणं कळत नसे. त्यामुळे हल्ली सोसायटीत घरोघरी कुटाचे डबे भरलेले असत आणि कोणी कोणाला कारण विचारत नसे.

"परवाच तर केलंस. किती कूट करशील?" टिपणीस वैतागले.

"अहो, इकडे या जरा."

ते पाय ओढत ओट्याशी आले. उर्मिलाबाईंनी मिक्सर सुरू केला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"छातीत गाठ लागतेय हाताला. पॉलिसी रिन्यू होईपर्यंत बोलायचं नाही. डॉक्टरकडेही त्यानंतरच जाईन."

"अगं, पण तोपर्यंत..."

तापलेला मिक्सर खटकन बंद पडला. टिपणीसांचं वाक्य तोंडातच राहिलं. फ्रीजच्या दारावरचा निळा दिवा मिणमिणत होता. भांड्यातल्या कुटाला केव्हाच तेल सुटलं होतं.

टिपणीसांनी मिक्सर आडवा करून बुडाचं लाल बटण दाबलं. मग फळीवरून शेंगदाण्यांचा अख्खा पुडा काढून बायकोसमोर ठेवला.

"अजून थोडं कर," ते फ्रीजकडे बघत मोठ्याने म्हणाले. "घरात कूट असलेलं बरं."