चहानंतरचं चाक

ज्योतीराम मिस्त्रीने डिझेल इंजिनाचं चाक दोन्ही हातांनी नेटाने फिरवलं. आतली हवा आवळली गेली आणि चाक उसळून मागे आलं. दौलतराव मिशीत हसले. स्वातंत्र्याच्या साली घेतलेलं हे इंजिन दहा वर्षं त्यांच्या तळवड्याच्या मळ्यात राबलं होतं.

"दाब बघा. नवं इंजिनबी असं उसळत न्हाई."

मंजुळाबाईचा जीव भांड्यात पडला. मोटेची बैलजोडी विकून ती इंजिन घ्यायला आली होती. हे फसलं तर कांद्याला पाणी द्यायला ना बैल, ना इंजिन. सौदा जमवला होता तिच्या सख्ख्या भावाने, चिमाजीने. इसार देऊन मोकळं होऊ, असं त्याने सकाळपासून चारदा म्हटलं होतं.

पण तिने पारखायला आणलेला ज्योतीराम एकदा बघून कधी हो म्हणत नसे. आधी चहा होऊ द्या म्हणाला आणि तिथेच फतकल मारून बसला. चिमाजीने दोन घोटांत कप रिकामा केला. ज्योतीरामने अर्धा तास लावला, मग उठून पुन्हा चाकाला हात घातला.

चाक मुकाट्याने फिरत गेलं. खालून फुसफुस करत हवा सुटली. पिस्टनच्या रिंगा पार झिजल्या होत्या.

त्याने हवेचा पाइप सोडला, आत बोट घातलं. बोट चिकट होऊन बाहेर आलं. घट्ट तेल ओतलं की रिंगांच्या फटी बुजून झिजलेलं इंजिन घटकाभर तरणं होतं, मग तेल खाली झिरपतं. ही लबाडी त्याने बाजारात पुष्कळ पाहिली होती. त्याने वास घेतला. बोट त्याने चिंधीला पुसपुसून पुसलं.

"एरंडेल ओतलंय बाई. इंजिन संपलंय. घेऊ नका."

दौलतरावांनी खांदे उडवले. आपण तेलाला हात लावला नाही, ज्याला दलाली कबूल केली त्याला विचारा, असं म्हणून ते सरळ घराकडे चालू लागले.

मंजुळाबाईने चिंधी उचलून हुंगली. घरी काढलेल्या एरंडेलाचा तो करपट वास तिच्या ओळखीचा होता. तिने भावाकडे पाहिलं.

"काल गुडघ्याला पायजे म्हणून वाटीभर नेलंस. मी ऊन करून दिलं रं तुला."

चिमाजी खाली वाकला आणि गुडघा चोळू लागला.